ब्रीडरच्या शेडमधलं कुत्रं सोडवायचं कसं

निपाणीहून चिकोडीकडं जाताना आत एका फाट्यावर उसाच्या फडामागं पत्र्याचं एक शेड होतं. आत ओळीनं कोंबड्यांचे पिंजरे, आणि त्यांत लॅब्रेडॉर. सात वर्षांपूर्वी मी तिथून एक पिल्लू 'सोडवून' आणलं, साडेचार हजार रुपये मोजून. चौथ्या दिवशी ते पार्व्होनं, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या विषाणूच्या आजारानं, गेलं. महिन्याभरानं त्या रस्त्यानं पुन्हा गेलो, तर त्याच जागी दुसरं वेत होतं आणि पिंजरा नवा, ताज्या हिरव्या रंगाचा. माझ्याच पैशातनं आला असणार.

तेव्हापासून बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यातली काही कुत्री आम्ही चार-पाच जणांनी मिळून बाहेर काढली. त्या अनुभवावर हे लिहितोय. कुत्रं पिंजऱ्यातनं काढणं सोपं असतं. अवघड असतं ते आधीचं आणि नंतरचं.

आधी हे बघा, की तो खरंच कारखाना आहे का

कुत्री पाळून पिल्लं विकणारा प्रत्येक जण कसाई नसतो. आपल्याकडं हे जास्त जपून बोलावं लागतं, कारण शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे. तिथल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या कारवानी म्हणजे मुधोळ हाउंड जातीची शिकारी कुत्री सांभाळणारी घरं आहेत. ती कुत्री रानात धावतात, घरच्या भाकरीवर वाढतात, आणि वर्षाकाठी एखादं वेत विकून त्या घराला चार पैसे मिळतात. २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळचं नाव घेतल्यावर मलासुद्धा पिल्लं मागणारे फोन आले होते. अशा घरावर जाऊन 'क्रूरता, क्रूरता' ओरडणाऱ्यांचं आणि माझं पटत नाही.

फरक ओळखायला कायदाच कामाला येतो. श्वान प्रजनन आणि विक्रीचे केंद्रीय नियम २०१७ साली आले. ब्रीडरनं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची, दाखला दर्शनी भागात लावायचा आणि दोन वर्षांनी नवा करून घ्यायचा. मादीचं वय १८ महिन्यांपेक्षा कमी किंवा ८ वर्षांपेक्षा जास्त असेल तर तिला लावायचं नाही. तिच्या उभ्या आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, आणि विकताना त्याला मायक्रोचिप हवी. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते आणि ६३ दिवसांच्या आसपास व्यायते. प्रत्येक माजाला लावली, तर तिशीतल्या बाईला दहावं बाळंतपण यावं तशी तिची गत होते.

गिऱ्हाईक म्हणूनच जा. हे खोटं बोलणं झालं, पण त्याचा मला पश्चात्ताप वगैरे होत नाही. खिशात पैसे मात्र नेऊ नका, कारण पिल्लू हातात दिलं की माणूस विरघळतो. पाच गोष्टी विचारा: पिल्लाची आई दाखवता का, जन्म कधीचा, हे तिचं कितवं वेत, लसीच्या पुस्तकावर बाटलीचा स्टिकर आणि डॉक्टरची सही आहे का, आणि पावतीवर नोंदणी क्रमांक लिहून देता का. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याबद्दल बाकीचे चार प्रश्न विचारले नाहीत तरी चालेल. 'केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद हाय की' असं उत्तर आलं तर लक्षात ठेवा, तो कागद वंशावळीचा असतो, धंद्याचा परवाना नव्हे.

पैसे देऊ नका. अजिबात नाही.

वाद सर्वात जास्त याच मुद्द्यावर होतो. 'पण हे एक पिल्लू तर वाचलं ना?' वाचलं, खरं आहे. पण शेडवाल्याच्या लेखी तुम्ही गिऱ्हाईक आहात, आणि आजारी मालही खपवून देणारं चांगलं गिऱ्हाईक. पिल्लू गेलं की त्याच्या आईला पुढच्या माजाला पुन्हा लावतात. तुमची दया त्याच्या हिशेबाच्या वहीत जमेच्या बाजूला पडते.

रात्री जाऊन कुलूप तोडणाऱ्यांचा राग मला समजतो, पण तेही करू नका. कायद्याच्या नजरेत कुत्रं ही मालमत्ता आहे, म्हणजे ती चोरी होते, आणि उद्याची केस शेडवाल्याविरुद्ध न राहता तुमच्याविरुद्ध होते. शिवाय अंधारात हाती लागतात ती पिल्लं. आई मागंच राहते.

मग शेडवाला स्वतःच फोन करतो तेव्हा? हा पेच मला अजून सुटलेला नाही. मादी सहा-सात वर्षांची झाली, दूध आटलं, पिल्लं कमी पडायला लागली की फोन येतो: 'फुकट घ्या, न्हाईतर चोर्ला घाटात सोडून येतो.' आपण नेली तर ती वाचते. पण वर्षानुवर्षं गुपचूप नेत राहिलो, तर आपण त्याचे भंगारवाले होतो. त्याचा पिंजरा फुकटात मोकळा करून देतो. तक्रार केली, तर पुढच्या वेळी तो फोन करत नाही आणि कुत्रं खरंच घाटात जातं. आम्ही शेवटी असं ठरवलंय: मादी न्यायची, पण पेट्रोलचेसुद्धा पैसे द्यायचे नाहीत, हक्क सोडल्याचा कागद त्याच्या सहीनं घ्यायचा, शेडमध्ये किती उरली ते मोजून वहीत लिहायचं, आणि 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द कधीच द्यायचा नाही. माझ्या एका मैत्रिणीला हे पटत नाही. तिच्या मते मोजणी वगैरे सगळं मनाचं समाधान. असेलही.

तक्रार कशी लिहायची

भाषेपासून सुरुवात करू. सीमाभागात ठाण्यात मराठी कळतं सगळ्यांना, पण अर्ज कन्नडमध्ये असला की टेबलावरून लवकर हलतो. अस्मितेचा प्रश्न वेगळा. पिंजऱ्यातल्या कुत्रीला घाई आहे. ओळखीतल्या एखाद्या कन्नड शिक्षकाकडून लिहून घ्या. दोन प्रती काढा आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही तिथं गेलाच नव्हता असं समजा.

अर्जात विशेषणं नकोत. 'अमानुष', 'काळजाला घरं पाडणारं' यापेक्षा तारीख, वेळ, किती मादी, किती पिल्लं, पाणी होतं की नाही, दाखला लावलेला होता की नाही, हे लिहा. फोटो रस्त्यावरून किंवा गिऱ्हाईक म्हणून आत बोलावलं असताना काढलेले चालतात. भिंतीवरून उडी मारून काढलेले तुमच्याच अंगाशी येतात.

एक प्रत पोलिसांना, एक पशुपालन खात्याच्या उपसंचालकांना, एक जिल्ह्याच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक समितीसाठी डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला, एक राज्य प्राणी कल्याण मंडळाला. मागणी एकच ठेवा: पशुवैद्यकीय अधिकाऱ्यासह तपासणी.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातल्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. होय, रुपये, निपाणीच्या स्टँडवर दोन चहा येतात तेवढ्यात. त्यातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र असल्यामुळं पोलीस एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून मोकळे होतात. म्हणून जनावर मारलं, विष घातलं किंवा कायमचं अपंग केलं असेल, तर डॉक्टरच्या दाखल्यासह भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावायला सांगा. तो गुन्हा दखलपात्र आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. नोंदणी नसणं हा मुद्दा तर सगळ्यात भक्कम, कारण त्यात मतभेदाला जागाच नाही.

आता सीमेचा खास त्रास. कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदलतं, ठाणं बदलतं, मंडळ बदलतं. 'आमची नोंदणी कोल्हापूरची' असं सांगणारा भेटला, तर विचारा, शेड कुठं आहे? शेड कर्नाटकात असेल तर दाखलाही कर्नाटकाच्या मंडळाचा पाहिजे. नियम केंद्राचे असल्यामुळं दोन्हीकडं तेच. आणि तपासणी होईपर्यंत व्हॉट्सॲपवर एक अक्षर टाकू नका. आमच्या एका ग्रुपवर कुणीतरी उत्साहानं शेडचा फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा पिंजरे धुऊन वाळत घातलेले होते. कुत्री रातोरात टेम्पोनं पलीकडं गेलेली.

जागा आधी, छापा नंतर

तपासणीत वीस कुत्री निघाली, तर संध्याकाळी ती झोपणार कुठं? याचं उत्तर नसेल तर अधिकारी त्यांना तिथंच, त्याच मालकाच्या ताब्यात ठेवून जातात. त्यांचाही दोष नाही. ठाण्याच्या आवारात वीस कुत्री कोण बांधणार? जप्त जनावर हे मुद्देमाल असतं. २०१७ च्याच दुसऱ्या एका नियमावलीनुसार केस चालेपर्यंत ते आश्रयस्थानाकडं सोपवता येतं आणि खर्च आरोपीकडून वसूल होऊ शकतो. पण सोपवायला कुणीतरी हात पुढं करावा लागतो. म्हणून अर्ज देण्याआधी घरांची यादी करा: कुणाकडं परस आहे, कुणाकडं रिकामी खोली, कुणाच्या घरी लहान मूल नाही. आठ घरं तयार असतील तर आठच कुत्र्यांचा शब्द द्या. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत किंवा मालकानं हक्क सोडेपर्यंत अशी कुत्री दत्तक देता येत नाहीत, हेही त्या घरांना आधीच सांगा.

यादीतल्या प्रत्येकानं रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली बरी. कुत्रं चावलं तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात साबणानं धुवायची आणि त्याच दिवशी सिव्हिलला किंवा आरोग्य केंद्रात जायचं. हळद, चुना, तंबाखू काही लावायचं नाही.

पहिले पंधरा दिवस

घरातल्या दुसऱ्या कुत्र्यापासून चौदा दिवस वेगळं ठेवा. पार्व्होचा विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने तग धरतो आणि फिनेलला दाद देत नाही. ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी. गोचीड, खरूज, जंत हे असणारच. डॉक्टरांना गोचीड तापाची तपासणी सांगा, आणि वेतं काढलेल्या मादीची ब्रुसेला या जिवाणूच्या आजाराचीही, कारण तो माणसाला होऊ शकतो. गर्भाशयात पू झालाय का, स्तनांत गाठी आहेत का, दात किती उरलेत, हे त्याच फेरीत बघून घ्या.

सोनी ही अशीच एका शेडमधली मादी आमच्याकडं आली तेव्हा तिची नखं गोल वळून तळव्यात रुतली होती. जाळीवर उभं राहून बोटं फाकलेली. शहाबादी फरशीवर सोडली तर पोटावर बसली आणि सरकत सरकत कोपऱ्यात गेली. बायकोनं जुनी गोधडी दारापर्यंत अंथरली, तेव्हा ती गोधडीवरून चालली आणि गोधडी संपली तिथं थांबली. मग रोज गोधडी वीतभर पुढं सरकवायची. अंगणातल्या मातीपर्यंत पोहोचायला अठरा दिवस लागले. या कुत्र्यांना जिना माहीत नसतो, मिक्सर माहीत नसतो, हाक माहीत नसते. अंगावरून हात फिरवायची घाई करू नका. पाठ करून जमिनीवर बसा आणि पेपर वाचा.

खाणं थोडं थोडं, दिवसातनं चार वेळा: मऊ भात, उकडलेलं चिकन, मीठ-कांदा न घालता. 'बिचारीनं कधी खाल्लंच नाही' म्हणून पहिल्याच दिवशी पातेलं पुढं ठेवलं तर जुलाब ठरलेले.

बाहेर नेताना दोन पट्टे, एक गळ्याला आणि एक छातीला. हे कुत्रं सुटलं तर घराकडं येत नाही, कारण घर म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही. बेळगावात राहत असाल तर वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या आणि गणेश विसर्जनाच्या आठवड्यात नवं कुत्रं आणूच नका. डॉल्बीच्या पहिल्या ठोक्याला ते कंपाउंड ओलांडतं.

दत्तक देताना

नसबंदी करूनच द्या, 'नंतर करतो' या बोलीवर नाही. आणि 'लॅब्रेडॉर मादी, फुकट' अशी जाहिरात तर चुकूनही नको. त्या जाहिरातीला पहिला फोन दुसऱ्या शेडवाल्याचा येतो. घर बघून या, घरातल्या आजीला विचारा. मुलं हो म्हणतात, नवरा हो म्हणतो, आणि दुपारभर कुत्र्याबरोबर राहायचं असतं आजीला.

गेल्या महिन्यात त्याच निपाणीकडच्या नंबरवरून फोन आला. धंदा बंद करतोय म्हणाला. मुलगा पुण्याला लागलाय, इथं बघायला कोण नाही. मी विचारलं, किती उरल्यात? म्हणाला, चार. मी म्हटलं, चारी नेतो, कागदावर सही पाहिजे.

'तीन न्या की. एक राहूंदे, नातवाला खेळायला.'

'नर का मादी?'

थोडा वेळ फोनवर फक्त मोटरपंपाचा आवाज.

'मादीच हाय.'