डोकं थंड ठेवायचं, इंग्रजीतून

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी नवी पेठेतल्या साडीच्या दुकानात सहा जणी एकदम 'ती वरची दाखवा' म्हणत असतात आणि गादीवरचा माणूस शांतपणे घड्या मोडत बसलेला. अशाला इंग्रजीत 'कूल ॲज अ क्यूकंबर' म्हणायचं. क्यूकंबर म्हणजे काकडी, आणि काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी. सोलापूरच्या मे महिन्यातही चिरली की आतून गार लागते. १७३२ सालच्या इंग्रजी कवितेतही ही उपमा सापडते. मधला 'अ' गाळू नका, तिथेच सगळे चुकतात. दुसऱ्याच्या कौतुकाला ती शोभते. मुलाखतीत स्वतःबद्दल मात्र साधं 'आय स्टे काम (calm, म्हणजे शांत) अंडर प्रेशर' बोला. आणि मराठीत 'काकडीसारखा थंड' नको हो, आपल्याकडे डोक्यावर बर्फ असतो!