इलेक्ट्रिक गिटारसाठी कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स: निवड आणि वापर

डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) लावलेली इलेक्ट्रिक गिटार कॅबिनेटशिवाय, म्हणजे स्पीकर बसवलेल्या पेटीशिवाय, थेट हेडफोनमध्ये ऐकली, तर मधमाश्यांच्या पोळ्यात कोणी काठी घातल्यासारखा आवाज येतो. यात दोष अ‍ॅम्पचा नसतो. गिटार अ‍ॅम्पमधला बारा इंची स्पीकर गाणी ऐकण्याच्या स्पीकरसारखा सपाट प्रतिसादाचा नसतोच. सेलेस्टियन कंपनी आपल्या २५ वॉटच्या ग्रीनबॅक स्पीकरचा पल्ला ७५ ते ५००० हर्ट्झ एवढाच सांगते. त्याच्या वर आवाज झपाट्याने ओसरतो आणि डिस्टॉर्शनमधून निर्माण होणारी वरच्या पट्टीतली बहुतेक चरचर तिथेच गळून पडते. हेडफोन मात्र ती सगळी इमानेइतबारे ऐकवतो. म्हणून ज्यांना शेजाऱ्यांमुळे किंवा जागेअभावी खरे कॅबिनेट वाजवता येत नाही, त्यांनी अ‍ॅम्पच्या नकलेपेक्षा कॅबिनेटच्या नकलेकडे आधी लक्ष द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही नक्कल आज बहुतेक ठिकाणी इम्पल्स रिस्पॉन्सच्या, म्हणजे गिटारवादकांच्या बोलण्यातल्या 'आयआर'च्या, रूपाने मिळते. कॅबिनेटसमोर माइक लावून त्यातून खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत सरकत जाणारा एक सलग ध्वनी वाजवतात आणि त्याच्या ध्वनिमुद्रणावरून, एका क्षणमात्र ठोक्याला त्या सबंध मांडणीने कसा प्रतिसाद दिला असता, हे गणिताने काढतात. तो प्रतिसाद म्हणजेच आयआर. ती एक छोटीशी वेव्ह फाइल असते. तिच्यात स्पीकर आणि पेटी यांच्याबरोबर माइक, त्याचे अंतर, त्याचा कोन आणि अनेकदा माइकचा प्रीअ‍ॅम्पसुद्धा उतरलेला असतो. त्यामुळे तिच्यातून ऐकू येतो तो खोलीत अ‍ॅम्पसमोर उभे राहून ऐकलेला आवाज नव्हे, तर स्टुडिओच्या काचेपलीकडे बसलेल्याने ऐकलेला आवाज. ही अपेक्षा आधीच नीट ठरवून घेतली, तर पुढची बरीच निराशा टळते. शिवाय स्पीकर जोरात वाजवल्यावर तो जो किंचित दबतो आणि स्वतःच फाटू लागतो, तो बदल साध्या आयआरमध्ये येत नाही, कारण ती एका ठरावीक पातळीवर टिपलेली स्थिर प्रतिमा असते.

मांडणी करताना गिटार ऑडिओ इंटरफेसच्या (गिटार संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाच्या) 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झी' असे लिहिलेल्या इनपुटला जोडावी. लाइन इनपुटला जोडली, तर पिकअपवर भार येऊन आवाज मंदावतो आणि मग त्याचे खापर उगाच आयआरवर फुटते. त्यानंतर अ‍ॅम्पचे प्लगइन, म्हणजे संगणकावर अ‍ॅम्पची नक्कल करणारा प्रोग्राम, आणि त्याच्या पुढे आयआर लोडर, म्हणजे आयआरची फाइल चालवणारे प्लगइन, असा क्रम ठेवावा. आयआर लोडरसाठी पैसे मोजण्याची गरज नाही. इग्नाइट अ‍ॅम्प्सचा नॅडआयआर विनामूल्य आहे, न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर या मुक्त प्लगइनमध्ये आयआरची सोय आहे आणि रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना त्यातल्या 'रीव्हर्ब' (ReaVerb) या प्लगइनमध्येही फाइल उघडता येते. डिले (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्ब (घुमारा) आयआरच्या आधी की नंतर, हा वाद पुष्कळ रंगतो. परंतु आयआर ही रेषीय क्रिया असल्यामुळे मोनोमध्ये साध्या डिलेच्या बाबतीत त्याने काही फरक पडत नाही. डिस्टॉर्शन मात्र आयआरच्या आधीच हवे.

येथे एक चूक हमखास होते आणि ती मी स्वतः जवळजवळ दोन महिने केली. अ‍ॅम्पच्या प्लगइनमध्ये त्याचे स्वतःचे कॅबिनेट चालूच होते आणि त्याच्यापुढे मी माझी आयआर लावली होती. आवाज गोधडीखालून आल्यासारखा येई. मी ट्रेबल वाढवत राहिलो, प्रेझेन्स शेवटपर्यंत फिरवला, तारासुद्धा बदलल्या. आवाज मंद आणि कोंदट वाटला, तर साखळीत दोन कॅबिनेटे तर नाहीत ना, हे सर्वांत आधी तपासावे. पोळ्यातल्या माश्या ऐकू आल्या, तर एकही नाही, असे समजावे.

ज्यांच्याकडे खरा ट्यूब अ‍ॅम्प आहे, त्यांनी त्याचे स्पीकर आउटपुट कधीही थेट इंटरफेसला जोडू नये, आणि स्पीकर काढून अ‍ॅम्प तसाच रिकामाही चालवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो. मध्ये योग्य ओहमचा आणि पुरेशा वॉटचा लोड बॉक्स, म्हणजे स्पीकरच्या जागी अ‍ॅम्पचा भार घेणारे उपकरण, हवाच. तो रिअ‍ॅक्टिव्ह प्रकारचा असेल, तर खऱ्या स्पीकरप्रमाणे त्याचा विरोध वारंवारितेनुसार बदलतो आणि अ‍ॅम्प अधिक नैसर्गिक वागतो.

फाइलच्या तांत्रिक बाबी थोडक्यात सांगतो. मुद्रणाचा प्रकल्प ४८ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने घेणारा, असेल, तर आयआरही त्याच दराची घ्यावी. बहुतेक लोडर दर स्वतः जुळवून घेतात. पण जो घेत नाही त्यात ४४.१ किलोहर्ट्झची फाइल टाकली, तर ३००० हर्ट्झवरचा उंचवटा जवळजवळ ३२६५ हर्ट्झवर सरकतो आणि स्पीकर किंचित लहान झाल्यासारखा वाटतो. काही उपकरणे १०२४ किंवा २०४८ नमुन्यांचीच फाइल घेतात, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला सुमारे २१ किंवा ४३ मिलिसेकंद. जवळून माइक लावलेल्या कॅबिनेटसाठी तेवढे बहुधा पुरते. २१ मिलिसेकंदांत खालच्या पट्टीचा तपशील थोडा ढोबळ होतो, म्हणून निवड असेल तेथे २०४८ घ्यावी.

आता मुख्य काम, म्हणजे निवड. एका संचात तीनतीनशे फाइली मिळतात, आणि वाजवता वाजवता त्या बदलत बसले की कानांचा निवाडा अर्ध्या तासात बोथट होतो. त्याऐवजी अ‍ॅम्प आणि कॅबिनेट बंद ठेवून, कोरडीच गिटार वीस-तीस सेकंद मुद्रित करावी. तिच्यात खालच्या तारेवर तळव्याने दाबून वाजवलेला एक तुकडा, एक पूर्ण कॉर्ड आणि वरच्या तारांवरचा एक लांब स्वर असावा. तो तुकडा लूपवर लावून हात मोकळे ठेवावेत आणि केवळ ऐकावे.

सुरुवात जोडी जुळवून करावी. व्हॉक्स एसी३०च्या नकलेला दोन बारा इंची अल्निको ब्लू स्पीकरांचे मागून उघडे कॅबिनेट, जुन्या मार्शलला ग्रीनबॅकचे चार बाय बारा (बारा इंची चार स्पीकरांचे), फेंडर डिलक्स रिव्हर्बला मागून उघडे एक बाय बारा आणि आजच्या जड रिफ्सना व्हिंटेज ३० स्पीकरांचे बंद चार बाय बारा. नियम मोडायला हरकत नाही, पण मोडण्यापूर्वी तो कसा ऐकू येतो हे माहीत असावे.

त्यानंतर स्पीकर बदलू नये. माइकची जागा बदलावी. शुअर एसएम५७ या माइकची एकच मालिका घ्यावी आणि फाइलच्या नावातली जागा वाचावी. 'कॅप' म्हणजे मधल्या टोपीच्या ऐन केंद्रासमोर, तिथे आवाज सर्वांत धारदार. 'कॅप एज' म्हणजे टोपी आणि शंकू यांच्या सांध्यावर. 'कोन' म्हणजे त्याहून बाहेर, जिथे धार जाते आणि अंग येते. ही सगळी सरकासरक जेमतेम काही सेंटिमीटरांची असते, पण ट्रेबलचे बटण इकडून तिकडे फिरवूनही पडत नाही एवढा फरक तिने पडतो. आवाज टोचरा वाटला, तर इक्यू (वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करणारे साधन) उघडण्यापूर्वी एक जागा बाहेरची फाइल लावून पाहावी. माझा अनुभव असा की, दहापैकी सात वेळा मी 'कॅप एज'वरच थांबतो.

ऐकताना प्रत्येक फाइलचा आवाज सारख्या पातळीवर आणणे अत्यावश्यक आहे, कारण एखाद-दोन डेसिबलने मोठी असलेली फाइल कानाला 'चांगली' वाटते, मग ती कशीही असो. दुसरे असे की, अंतिम निवड बास आणि ड्रम्सबरोबर करावी. एकट्याने ऐकताना भरदार वाटलेली गिटार बासच्या अंगावर बसते, आणि थोडी कोरडी वाटलेली गिटार मिश्रणात नेमकी जागा धरते. पाच फाइली वेगळ्या काढाव्यात आणि उरलेला संच महिनाभर उघडू नये.

इक्यू त्यानंतर. गिटारच्या खालच्या ई तारेचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झ असतो, म्हणून ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे कापल्याने स्वर फारसा हरवत नाही, गडगड मात्र जाते. वर ८ ते १० किलोहर्ट्झपासून हलका हाय-कट (वरचे कापणारा फिल्टर) लावावा.

दोन माइकांच्या आयआर मिसळायच्या असतील, तर एसएम५७ची धार आणि रॉयर आर-१२१ या रिबन माइकची ऊब ही जोडी आजमावून पाहावी. मात्र दोन्ही माइकांच्या अंतरात १० सेंटिमीटरांचा फरक राहिला असेल, तर ध्वनी सुमारे ०.२९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि १७०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे गिटारच्या ऐन गाभ्यात, खड्डा पडतो. मिसळल्यावर आवाज पोकळ झाला, तर एका आयआरची फेज (लहरीची दिशा) उलटी करून पाहावी किंवा तिला काही नमुने पुढेमागे सरकवावे.

कार्यक्रमात मिक्सरला जाणाऱ्या तारेवर आयआर चालू आणि मंचावरच्या खऱ्या गिटार कॅबिनेटला जाणाऱ्या तारेवर बंद, अशी दोन वेगळी आउटपुटे ठेवावीत. साउंडवाल्यांना ही गिटार माइकशिवाय थेट येणार आहे, हे आधी सांगावे, आणि साउंड चेकमध्ये सभागृह घुमत असेल, तर आयआर बदलत न बसता लो-कट (खालचे कापणारा फिल्टर) १२० हर्ट्झपर्यंत वर न्यावा.