वीज आली म्हणजे भट्टी थंड झाली नव्हे: या चुका टाळा

अणुवीज केंद्रात वीज जाऊन अणुभट्टीचे शीतकरण थांबले तर काय करायचे, याच्या सरावात परीक्षक म्हणून बसलो की नवशिक्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, जनरेटर किती वेळात येईल?" जनरेटर येतो, तो जोडायचा कुठे, हे मात्र कोणी विचारत नाही.

जपानमधल्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत डिझेल जनरेटरांबरोबर खालच्या मजल्यांवरचे बहुतेक स्विचगिअरही (वीज वाटून देणारी पॅनेलेही) बुडाले. रात्री जनरेटरच्या गाड्या पोहोचू लागल्या, पण वापरण्याजोगे पॅनेल दुसऱ्या युनिटमध्ये शोधावे लागले आणि सुमारे २०० मीटर लांबीची, टनाहून जड केबल चाळीसेक माणसांनी हातांनी ओढून नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास जोडणी झाली आणि ३:३६ ला पहिल्या युनिटमध्ये हायड्रोजनचा स्फोट होऊन केबल निकामी झाली.

गाडी वाटेत असतानाच मी मेगर, म्हणजे वायरींचे विद्युतरोधन तपासणारा मीटर, घेऊन पॅनेलांपाशी जातो. एका सरावात मुद्दाम भिजवलेल्या मोटरचा टर्मिनल बॉक्स एका उत्साही मुलाने फडक्याने पुसला आणि "कोरडा आहे, सर" म्हणत तो ब्रेकरकडे निघाला. मी मेगर लावायला लावला. काटा शून्यावरून हलेना, म्हणजे आत ओल होतीच. घाई असते तेव्हाच ही पाच मिनिटे द्यायची असतात, हे या मुलांना कितीदा सांगावे!

दुसरी चूक म्हणजे जिवंत झालेल्या मीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवणे. फुकुशिमात त्सुनामीच्या रात्री पहिल्या युनिटच्या भट्टीतल्या पाण्याचा पातळीमापक बॅटऱ्या जोडून चालू केला, तेव्हा पाणी इंधनाच्या माथ्याच्या वर असल्याचे दिसले. प्रत्यक्षात ज्या नळीतल्या पाण्याशी तुलना करून हे उपकरण पातळी दाखवते, त्या नळीतलेच पाणी उष्णतेने उडून जात होते. एका आकड्यावर मी कधीच थांबत नाही; दाब आणि किरणोत्सर्गाचे आकडेही शेजारी मांडतो.

भट्टीतला दाब उतरवल्याखेरीज अग्निशमन पंप लावू नका. पाणी आत जाणारच नाही.

विजेवाचून हातावर हात ठेवून बसणे, ही उलटी चूक. १९९३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात आगीनंतर सुमारे १७ तास वीज नव्हती; तरी डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी बाष्पजनित्रांत (भट्टीच्या उष्णतेने वाफ बनते त्या टाक्यांत) पाणी सोडून, नैसर्गिक अभिसरणावर, म्हणजे पंपाविना आपोआप फिरणाऱ्या पाण्यावर, भट्टी थंड राखली गेली.

आणि तात्पुरते पॅनेल वर्षानुवर्षे तसेच ठेवू नका. मार्च २०१३ मध्ये फुकुशिमातच ट्रकवरच्या अशा पॅनेलात उंदीर शिरला आणि वापरलेल्या इंधनाच्या तलावांचे शीतकरण बंद पडले. ते पूर्ववत व्हायला सुमारे २९ तास लागले. केबलच्या भोकांत बोळे कोंबलेले दिसल्याशिवाय मी सही करत नाही.