जुन्या रेल्वेमार्गावर माउंटन बाइक: सपाट दिसणाऱ्या वाटेची तयारी

रूळ उचललेला रेल्वेमार्ग नकाशावर अगदी सोपा दिसतो. लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर पकड कमी मिळते, म्हणून मार्ग आखतानाच चढ सौम्य ठेवलेले असतात. बऱ्याच ठिकाणी 1:100 (म्हणजे 100 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर चढ) ते 1:50. पण 1:50 चा चढ सलग 15 किलोमीटर चालला की 300 मीटर उंची चढून होते आणि मध्ये पाय थांबवायला उतार मिळत नाही. डोळ्यांना वाट सपाटच वाटते, त्यामुळे लोक जड गिअरवर रेटत राहतात आणि मांड्या भरून येतात. पायडलचे फेरे मिनिटाला 80 ते 90 ठेवा. 70 च्या खाली आले की लगेच गिअर हलका करा. जाऊन-येऊन फेरी असेल तर चढाची बाजू आधी घ्या.

त्याहीआधी एक खात्री करा: मार्ग अधिकृतपणे बंद आहे आणि तिथे सायकलला परवानगी आहे. रूळ जागेवर असतील तर ‘इथे गाडी येत नाही’ या ऐकीव माहितीवर आत शिरू नका. मालगाडी किंवा देखभालीची ट्रॉली कधीही येऊ शकते.

सगळं अवलंबून असतं ते पायाखालच्या थरावर. न्यूझीलंडच्या ओटागो सेंट्रल रेल ट्रेलसारख्या (सुमारे 150 किलोमीटर, 2000 पासून खुला) नीट राखलेल्या मार्गावर बारीक खडी दाबून बसवलेली असते. नुसते रूळ उचलून सोडून दिलेल्या मार्गावर मात्र जुनी, धारदार, पाच-सहा सेंटिमीटरची खडी तशीच पडलेली असते. स्लीपर (रुळांखालच्या आडव्या तुळया) काढले असतील तर त्यांच्या खाचा राहतात, साधारण 60-65 सेंटिमीटरवर एक. ताशी 12 किलोमीटर वेगाने गेलात तरी सेकंदाला पाच धक्के बसतात. अशा जागी फोर्कचा (पुढच्या चाकाच्या धक्के शोषणाऱ्या दांड्यांचा) लॉकआउट, म्हणजे तो कडक करणारी कळ, उघडा, सीटवरून किंचित उठा आणि कोपरं सैल सोडा. सुट्या खडीत पुढचं चाक रुतलं की हँडल घट्ट धरून वळवण्याचा मोह होतो, आणि सायकल आडवी होते ती त्यामुळेच. वजन मागे घ्या, एक गिअर जड करा, सरळ रेषेत पायडल मारत राहा. पुढचा ब्रेक दाबायचा नाही.

2.2 ते 2.4 इंची टायर घ्या. 70 किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये पुढे 20-22 आणि मागे 23-26 पीएसआय, ट्यूब असेल तर 28-32 पीएसआय हवेपासून सुरुवात करता येते. टायरवर आणि रिमवर छापलेल्या मर्यादा मात्र पाळा. दगडावरून जाताना रिम ‘ठक्’ वाजली तर 2-3 पीएसआय वाढवा. पंक्चर झाल्यावर ट्यूब नीट बघा. शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती. एकच भोक असेल तर काटा, तार किंवा गंजका खिळा अजून टायरमध्ये असण्याची शक्यता आहे. टायरच्या आतून जाड फडकं फिरवून तो शोधा, नाहीतर नवी ट्यूबही जाईल. दोन ट्यूब, पॅच, टायर लीव्हर, पंप, चेन तोडण्याची सोय असलेलं मल्टिटूल आणि चेनची जोडकडी, एवढं सोबत हवंच.

सतत बसून पायडल मारल्याने करंगळी आणि अनामिका बधिर होतात, कारण तळहाताच्या कडेची नस दबते. मनगट सरळ ठेवा, पकड बदलत राहा आणि दर 15-20 मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून चालवा. कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट उंच झाली आहे. एका वेळी 5 मिलिमीटरने खाली घ्या.

बोगद्यात शिरण्याआधी थांबा, गॉगल काढा, पुढचा-मागचा दिवा लावा. वळणदार बोगद्यात दुसरं टोक दिसत नाही, म्हणून किमान 500 ल्युमेनचा दिवा आणि जोडीला एक छोटा दिवा ठेवा. कडेने गटार असतं, तेव्हा मधोमध चाला. टेकडी कापून काढलेल्या भागात पाणी साचून राहतं आणि पावसानंतर दरडीचे दगड वाटेत येतात. भरावावर उलट, कडा खचलेली असते.

लाकडी फळ्यांच्या पुलावर फटी प्रवासाच्या दिशेने असतील तर चाक अडकतं. उतरून सायकल हातात धरून चाला. ओल्या फळीवर ना वळायचं, ना ब्रेक मारायचा. फळ्या गायब असतील किंवा नुसते गर्डर उरले असतील तर कितीही अंतर वाढलं तरी वळसा घ्या. जुन्या फाटकापाशी डांबरात रुळाचा तुकडा शिल्लक असतो. तो शक्य तितका काटकोनात ओलांडा, आणि रस्त्यावरच्या गाड्यांना आधी जाऊ द्या.