मुलाच्या पेनकिलरच्या गोळ्या सोडवताना या चुका टाळा

दुखणं कधीच थांबलं, गोळ्या मात्र थांबल्या नाहीत. कपाटातली पट्टी पुढून भरलेली दिसते. उलटी करून बघावं तर मागची चांदी नखाने उचकटून परत नीट चिकटवलेली. हे कळल्यावर बहुतेक घरांत पहिली चूक त्याच संध्याकाळी होते: सगळ्या गोळ्या फेकायच्या आणि ‘आजपासून बंद!’ म्हणून दम भरायचा.

ट्रॅमाडॉल, कोडीन, ऑक्सिकोडोन ही ओपिऑइड, म्हणजे अफूसारखा असर करणारी वेदनाशामक औषधं. अंगाला सवय झाल्यावर एकदम तोडली, तर साधारण 8 ते 24 तासांत त्रास सुरू होतो. नाक गळतं, जांभया आवरत नाहीत, अंगावर काटा येतो, जुलाब लागतात. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. पोरगं नाटक करत नसतं. गोळी कशी कमी करायची ते डॉक्टरांना ठरवू द्या आणि जाताना रिकामी पट्टी सोबत न्या. गोळीत पॅरासिटामॉलही असेल तर यकृत तपासावं लागतं.

घरच्या युरिन किटवर फार विसंबू नका. साधं किट प्रामुख्याने मॉर्फिन-कोडीन पकडतं. ट्रॅमाडॉल किंवा फेंटानिल त्यात बहुधा दिसतच नाही. शिवाय रोज बाथरूमच्या दाराशी उभं राहिलात, तर तो तुमच्याशी बोलणं बंद करेल. ते नुकसान मोठं.

‘एक गोळी सोडवायला दुसरी गोळी कशाला?’ हा प्रश्न आजी-आजोबांपासून सगळे विचारतात. ही दुसरी गोळी म्हणजे बुप्रेनॉर्फिन, सवय सोडवायला डॉक्टर देतात ते औषध. ते तलफ आणि त्रास दोन्ही आवरतं, आणि एका मर्यादेनंतर त्याचा असर वाढत नाही. अमेरिकेत ते 16 वर्षांपासून पुढे मंजूर आहे. दोन आठवडे बरे गेले म्हणून घरच्या घरी बंद करू नका.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक मूल सुधारल्यावर होते. महिनाभर गोळी नाही, घर निर्धास्त. पण तेवढ्यात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. एखाद्या वाईट रात्री त्याने जुन्याच हिशेबाने गोळ्या घेतल्या, तर श्वास मंदावतो. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर धोका आणखी वाढतो. सकाळी आई डोकावते, तो घोरतोय, ‘झोपू दे बिचाऱ्याला.’ ते घोरणं नीट ऐका. घशात गुरगुर, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, हलवलं तरी जाग नाही, असं असेल तर ॲम्ब्युलन्स बोलवा. ओपिऑइडचा असर उतरवणाऱ्या नॅलोक्सोनचा नाकातला स्प्रे असेल तर लगेच मारा. श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वास द्या. चालू असेल तर कुशीवर वळवा. गार पाणी ओतत बसू नका. डोळे उघडले तरी ॲम्ब्युलन्स परत पाठवू नका: नॅलोक्सोनचा असर 30 ते 90 मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा बुडू शकतो.

स्प्रे कुठे ठेवलाय हे घरात सगळ्यांना माहीत हवं, त्यालाही. बाकी औषधं कुलपात, बुप्रेनॉर्फिनसुद्धा.