४७व्या पानावरची प्रार्थना : ख्रिस्ती प्रेमकादंबरी लिहिताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या कादंबरीचा नायक ४७व्या पानावर गुडघे टेकतो. तोवर तो दारू पितो, आईशी भांडतो, टॉवेलच्या कारखान्यात मुकादमाच्या अंगावर धावून जातो. ४८व्या पानावर दारू सुटलेली, आई हसतेय, मुकादम खांद्यावर हात ठेवतोय आणि नायिकेच्या वडिलांनी होकारसुद्धा दिलाय.

हस्तलिखित आधी मावशीला दिलं. मावशी नर्स म्हणून रिटायर झालेली, सोलापुरात सात रस्त्याजवळ राहते, हातात पडेल ते वाचते. तिनं तीन दिवसांत वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "लिहायलीस ते बरं करायलीस. पण हे पोरगं लई लवकर सुधारलं गं. आमच्या वॉर्डात असं एक बी सुधारलं नाही."

मला राग आला. कादंबरी देवानं सुचवली आहे अशी माझी पक्की खात्री होती आणि देवानं सुचवलेल्या गोष्टीत ही चुका काढतेय! पुढच्या चार वर्षांत मी जे जे घोळ घातले ते सगळे याच समजुतीतून निघाले. जिथं राबायला हवं होतं तिथं मी विश्वास पुढे केला. गोष्टीत केला, गोष्ट छापताना तर फारच केला. आता आमच्या चर्चच्या मंडळीतली दोन-तीन लिहिणारी मुलंमुली घरी येऊन तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा लिहून ठेवते.

प्रार्थनेनं गाठ सोडवू नका

ही चूक पकडायची युक्ती सोपी आहे. हस्तलिखितातून प्रार्थनेचा प्रसंग काढून बघा. तो काढल्यावर पुढचं सगळं कोसळलं, तर माणसांनी करायचं काम तुम्ही देवावर ढकललेलं आहे.

मला हे बायबलमधल्या रूथच्या पुस्तकानं शिकवलं. लहानपणापासून पाठ होतं, पण लिहिणाऱ्याच्या नजरेनं कधी वाचलंच नव्हतं. चार अध्यायांची गोष्ट. त्यात देव एकदाही बोलत नाही. स्वप्न नाही, दूत नाही, समुद्र दुभंगत नाही. रूथ ही मवाबी, म्हणजे परदेशी, विधवा सासूबरोबर बेथलेहेमला येते आणि परक्याच्या शेतात सरवा वेचायला जाते. सरवा म्हणजे कापणीनंतर मागं पडलेली कणसं. मंगळवेढ्याकडे ज्वारीची रानं पाहिलेल्याला त्याचं चित्र काढून दाखवायला नको. शेताचा मालक बवाज तिच्याकडे बघून काव्य करत नाही. तो कापणाऱ्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम पडू द्या आणि तिला दटावू नका. त्याचं प्रेम असं दिसतं. पोरीला कळूही न देता तिची ओटी भरायची.

मग खळ्यावरची रात्र. ती सरळ त्याला मागणी घालते. कुठलाही हौशी लेखक इथं लग्न लावून मोकळा झाला असता. पण बवाज म्हणतो, तुझ्या नवऱ्याच्या घराण्यात माझ्यापेक्षा जवळचा एक नातलग आहे, त्यांची जमीन आणि तुला पदरात घ्यायचा पहिला हक्क त्याचा. तिला सहा मापं सातू पदरात घालून घरी पाठवतो, सकाळी वेशीत जाऊन बसतो, गावातले दहा वडील बोलावतो. तो नातलग आधी जमीन घ्यायला तयार होतो! मग जमिनीबरोबर रूथही आहे म्हटल्यावर मागं सरतो आणि हक्क सोडल्याची खूण म्हणून पायातली वहाण काढून देतो. अख्ख्या गोष्टीतली सगळ्यात जीव टांगणीला लावणारी जागा म्हणजे जमिनीच्या व्यवहाराची बैठक. व्यवहार पुरा होईपर्यंत तिथं कुणी प्रार्थना करत नाही, तरी अख्खं पुस्तक विश्वासानं ओलं आहे.

मी पुन्हा लिहायला घेतलं. नायक आताही ४७व्या पानावर गुडघे टेकतो. उठतो आणि दुसऱ्या पाळीला कामावर जातो. पुढच्या दीडशे पानांत तो दोनदा घसरतो, त्यातला एकदा ऐन नाताळच्या आदल्या रात्री.

फादर, मिस्सा आणि आमचे पाळकसाहेब

हिंदी सिनेमानं एक ख्रिस्ती माणूस तयार करून ठेवलाय. त्याचं नाव पीटर, तो कन्फेशनच्या खोक्यात जातो, बायको फ्रॉक घालते. हे सगळं मी स्वतः ख्रिस्ती असून लिहून बसले होते! आमच्या घरात आजोबांपासून कुणी कन्फेशनचं खोकं पाहिलेलं नाही.

वसईच्या कॅथलिक घरात फादर, मिस्सा, नोव्हेना असेल. आमच्यासारख्या प्रॉटेस्टंट घरात पाळक असतात, उपासना असते, प्रभुभोजन असतं. भेटल्यावर 'जय ख्रिस्त' म्हणतात, हातात 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक असतं. सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, ही १९७० साली सहा मंडळ्या एकत्र येऊन झालेली, मेथडिस्ट वेगळे, पेंटेकॉस्टल वेगळे. तुमची नायिका नेमकी कुठल्या चर्चची हे पहिलं पान लिहायच्या आधी ठरवा. दोन चर्चमधलं अंतर हाच मुळात सोयरिकीचा प्रश्न असतो, तो फुकट का घालवायचा?

याच चुकीचं दुसरं टोक म्हणजे व्यासपीठावरची भाषा घरात आणणं. माझी नायिका गच्चीवर पापड वाळत घालताना म्हणायची, "शलमोन, परमेश्वराने आपणांस एकत्र आणिले आहे, त्याची योजना थोर आहे." पापड घालताना असं कोण बोलतं? आता ती म्हणते, "आई विचारायली होती, तो रविवारी चर्चला येतो का निस्ता पाळीलाच जातो म्हणून." या एका वाक्यात विश्वास आला, पोटापाण्याचं आलं आणि आईचा अर्धा होकारही आला.

सोलापुरात हे आणखी गुंतागुंतीचं आहे. पूर्व भागात घरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, रस्त्यावर मराठी, शेजारी दखनी. अशा घरातली पोर प्रार्थना एका भाषेत करते आणि रुसते दुसऱ्या भाषेत. ती कुठल्या भाषेत रुसते ते शोधा. तिचं प्रेम तिथंच सापडेल.

आणि मराठीत आपण पाहुणे आहोत असं मानून दबकत लिहू नका. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६चं, ओवीबद्ध. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७चं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचं नाव घेतात, आणि ते विधवांच्या हालांबद्दल आहे.

बर्फातला नाताळ

ख्रिस्ती प्रेमकादंबरी हा प्रकार अमेरिकेत मोठा धंदा आहे. हार्लेक्विनसारख्या प्रेमकथांच्या कारखान्यानं १९९७ मध्ये त्यासाठी 'लव्ह इन्स्पायर्ड' ही वेगळी मालिकाच काढली. छोटं गाव, घोड्यांचं कुरण, विधुर बाप, नवी शिक्षिका, शेवटी बर्फ. वाचायला मजा येते, मीही वाचते. पण तो साचा उचलून इथं आणला की नायक होटगी रोडवर स्वेटर घालून फिरायला लागतो. आमच्याकडे डिसेंबरातल्या दुपारी पंखा लागतो. आमचा नाताळ म्हणजे टेम्पोत बसून रात्रभर गाणी म्हणत घरोघर फिरणं, करंज्या, आणि नानकटाईचं पीठ डब्यात घालून बेकरीच्या भट्टीवर रांग लावणं. त्या रांगेत दोन तास उभं राहावं लागतं. नायक-नायिकेला भेटवायला याहून चांगली जागा कुठली?

साच्याबरोबर अडचणीही उसन्या येतात. तिथल्या नायिकेची अडचण बहुतेक तिच्या मनात असते. इथं घरातले दहा जण, मंडळीतले शंभर जण आणि कायदा असतो. माझ्या पहिल्या मसुद्यात हिंदू नायक आणि ख्रिस्ती नायिका एका परिच्छेदात चर्चमध्ये लग्न लावून मोकळी झाली होती. प्रत्यक्षात पाळक तयार होतील का इथपासून सुरुवात. १९५४च्या विशेष विवाह कायद्यानं जायचं तर दोघांपैकी एकजण निदान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा, मग नोटीस, आणि नोटिशीनंतर पुन्हा तीस दिवस थांबणं. दोघांची नावं कचेरीच्या फळ्यावर महिनाभर टांगलेली! कुणाचा तरी मामा कधीतरी सातबाऱ्याच्या कामाला तिकडे जाणारच. माझ्या दुसऱ्या कादंबरीचा मधला सगळा भाग या तीस दिवसांवर उभा आहे.

विश्वासानं संसारात काय मोडतं आणि काय टिकतं हे बघायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली काही वर्षं नवरा-बायको वेगळी राहिली. बाई ते रडत सांगत नाहीत, हसवत सांगतात, आणि म्हणून ते जास्त लागतं.

हात धरू द्यायचा की नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. ज्या ग्रंथात गीतरत्नासारखं प्रेमकाव्य आहे तो उशाशी ठेवणाऱ्यांनी इतकं घाबरू नये, एवढं म्हणते आणि पुढे जाते. कमी दाखवा, हरकत नाही, पण जे दाखवाल त्याला वजन असू द्या. गायनवृंदात एकच पुस्तक दोघांत आलंय, त्याचा अंगठा गाण्याच्या आकड्यावर, पान तिनं उलटायचं आहे. माझ्या वाचकांनी चुंबनाचा प्रसंग कधी मागितला नाही. हा प्रसंग मात्र तिघींनी फोनवर वाचून दाखवला.

प्रेरणेची वाट

थोडक्यात सांगते, कारण इथं सांगण्यासारखं फारसं नाही. सकाळी पाच ते साडेसहा लिहायचं. नळाला पाणी येतं त्या दिवशी सुट्टी. सोलापूरकरांना याचं कारण सांगायला नको. याकोबानं राहेलीसाठी सात वर्षं मेंढरं राखली आणि प्रेमापायी ती त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली, असं बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात आहे. मला एकेक प्रकरण सात वर्षांसारखं वाटायचं. तरी मेंढरं राखावीच लागतात.

'देव बघेल' म्हणत सही करू नका

आता सगळ्यात महागात पडलेली चूक. दोन प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवल्यावर तिसऱ्यानं होकार दिला. मी प्रार्थना केली, मन शांत वाटलं, त्यालाच उत्तर मानलं आणि करार न वाचता सही केली. पाचशे प्रतींचे पैसे मीच भरले. वितरण ते करणार होते. सहा महिन्यांनी टेम्पोतून गठ्ठे माझ्याच दारात आले. आजही काही पलंगाखाली आहेत, पावसाळ्यात त्यांना ऊन दाखवावं लागतं.

मन शांत वाटण्याचं कारण बहुधा एवढंच होतं की मी दमले होते. करार वाचायला बसले असते तर पुढच्या गोष्टी तेव्हाच कळल्या असत्या.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. घेणाऱ्यानं वर्षभरात हक्क वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही नसल्यास तो संपतो. म्हणून 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे' ही ओळ दिसली की पेन खाली ठेवा. अनुवाद, ऑडिओ, ई-बुक वेगळे लिहून घ्या. पैसे तुम्ही भरणार असाल तर किती प्रती कुठल्या दुकानात आणि किती दिवसांत, हेही लिहून घ्या.

पुस्तकाच्या आयएसबीएन या ओळख-क्रमांकासाठी माझ्याकडून पैसे घेतले गेले. हा क्रमांक राजा राममोहन रॉय आयएसबीएन एजन्सीकडून फुकट मिळतो. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही मिळतो.

वचनं उद्धृत करतानाही सावध राहा. बायबल देवाचं असलं तरी अनुवादाचे हक्क कुणाचे तरी असतात. चालू आवृत्तीच्या सुरुवातीच्या पानावर ते छापलेलं असतं, लांब उतारे घेणार असाल तर परवानगी मागा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. पंडिता रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, त्यांचं बायबलचं भाषांतर मोकळं आहे, आणि बायकांच्या तोंडी ते शोभतंही.

पानांचा हिशेब छापखान्यात जाऊन समजून घ्या. डेमी आकारात एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, तो एक फर्मा. माझी पानं २१२ झाली होती, म्हणजे तेरा फर्मे आणि वर चार पानं. त्या चार पानांसाठी खर्च वाढत होता. नायिकेच्या आत्याचं एक लांब भाषण काढलं आणि २०८वर आणलं. आत्याचं कुणाला काही वाटलं नाही.

आणि शेवटचं प्रूफ स्वतः, कागदावर, मोठ्यानं वाचा. मी युनिकोडमध्ये टाइप करून दिलं होतं. तिकडे कुणीतरी ते जुन्या फॉन्टमध्ये बदललं आणि त्या बदलात रफार उडाले. मी पडद्यावर वरवर बघून 'छान आहे' असं कळवलं होतं, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. २०८ पानांत सगळे 'चच'ला जातात, 'स्वगा'ची आशा धरतात आणि 'प्राथना' करतात. ४७व्या पानावर तर चार वेळा.

मावशीच्या प्रतीत मात्र सगळे रफार आहेत. तिनं निळ्या बॉलपेननं एकेक दिलेत.