‘व्हाय?’ जरा जपून

इकडे, इंग्रजी बोलणाऱ्या देशात, नवीन आलात की पहिले काही महिने माणूस कारणंच विचारत फिरतो. मीटिंग पुढे का ढकलली, फॉर्म परत का आला, पगारातून हे पैसे कसले कापले. दर वेळी नुसतं ‘व्हाय?’ म्हणालात तर व्याकरणाची चूक काही नाही, पण ऐकणाऱ्याला उलटतपासणी सुरू झाल्यासारखं वाटतं. ‘व्हाय डिड यू...’ अशी सुरुवात केली की समोरचा कारण सांगायचं सोडून आधी स्वतःची बाजू मांडायला लागतो.

त्यापेक्षा ‘हाउ कम?’ची सवय लावून घ्या. अर्थ ‘का’ हाच, पण सूर आपल्या ‘असं कसं काय?’चा. शिवाय त्यात आपली एक सोय आहे. ‘व्हाय आर यू लीव्हिंग अर्ली?’ यातली ‘आर यू’ची उलटापालट घाईत आपल्या तोंडून हमखास राहून जाते. ‘हाउ कम’ला ती लागतच नाही. ‘यू आर लीव्हिंग अर्ली’ हे सरळ वाक्य घ्यायचं, त्याच्या आधी ‘हाउ कम’ लावायचं, झालं काम. ‘हाउ कम आर यू...’ म्हणालात तर मात्र फसलात. (हे आजच्या पोरांचं खूळ नव्हे बरं का, अमेरिकेतल्या 1848च्या एका कोशात त्याची नोंद आहे.) अर्जात किंवा ऑफिसच्या पत्रात ते घालू नका, तिथे ‘कुड यू टेल मी व्हाय...’ बरं. त्याच्याही पुढे सरळच वाक्य येतं.

‘व्हॉट डिड यू डू दॅट फॉर?’ म्हणजे ‘हे कशाला केलंस?’, त्यात वैताग असतो, म्हणून ओळखीच्या माणसापुरतंच. कुणी मत दिलं आणि ते नीट उलगडून हवं असेल तर ‘हाउ सो?’. अमेरिकेत ‘व्हॉट गिव्ज?’ही (‘हे काय चाललंय?’) कानावर पडेल, ते कळलं तरी पुरे.

‘व्हाय डोंट यू हॅव अ सीट?’ हा मुळात प्रश्नच नाही, ‘बसा ना’ म्हणताहेत. कारणं देऊ नका, बसा.

आणि तुम्हालाच कुणी ‘हाउ कम?’ विचारलं तर एका वाक्यात उत्तर द्या. ‘बस चुकली’ एवढं पुरतं. ती का चुकली ते कुणी विचारलेलं नसतं.